साथीचे दिवस आणि घरातील वीज

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत पाहुणीने कशावर बोलावे याचे एक ठरलेले वळण आहे. बालसंगोपन, सकस आहार, काटकसर, मुलींचे शिक्षण. हे सर्व विषय चांगलेच आहेत, आणि त्यांवर माझ्याहून चांगले बोलणाऱ्या भगिनी या मंडळात आहेत. मी मात्र आज घरातील विजेविषयी चार शब्द सांगणार आहे. मी इंजिनियर नव्हे. मुलींना विज्ञान शिकविण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा ओट्यापाशी, मोरीपाशी आणि आजाऱ्याच्या उशापाशी उपयोगी पडेल एवढेच मी सांगेन.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या बाईच्या कमरेला घराच्या किल्ल्या आहेत, तिला घरातील मेन स्विच कोठे आहे, तो केव्हा बंद करावा आणि वीज गेली तर कोणाला काय कळवावे, एवढे ठाऊक असलेच पाहिजे. दुधाचा रतीब, वाण्याचे खाते, गॅसचा नंबर हे सर्व आपण चोख सांभाळतो. मग मीटरकडेच पाठ का फिरवावी?

हा विचार मला करोनाच्या साथीने शिकविला. आपल्या पणज्यांनी १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची साथ पाहिली. लोक तिला मानमोडी म्हणत. त्या वेळी आपल्या खोऱ्यांतून समई, चिमणी आणि कंदील यांवर घर चाले. माणसे पटापट जात, औषध मिळत नसे, हाल फार होते. पण विजेवर काहीच अवलंबून नव्हते, म्हणून वीज जाण्याचे भयही नव्हते. २०२० साली तसे राहिले नव्हते. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडले आणि २५ मार्चपासून सर्व देशाला कुलूप लागले. पाहता पाहता एकाच घरात शाळा भरली, कचेरी भरली, आणि पुढे पुढे दवाखानाही मांडावा लागला. मुलाचा अभ्यास मोबाईलवर, मुलाची नोकरी लॅपटॉपवर, सासऱ्यांचा श्वास ऑक्सिजनच्या यंत्रावर, आणि या सर्वांचे मूळ भिंतीवरच्या एका बोर्डात.

आपल्या भोर-वेल्ह्याकडे तर आणखी एक गोष्ट घडली. (वेल्हे तालुक्याला शासनाने २०२४ साली राजगड हे नाव दिले आहे; पण जिभेचे जुने वळण लवकर जात नाही, तेवढी क्षमा असावी.) पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेली माणसे गावाकडे परतली. हिरडस मावळात, वेळवंड खोऱ्यात, गुंजण मावळात, कानद खोऱ्यात, वर्षानुवर्षे कुलूप असलेली घरे उघडली. ओसरी झाडली, कौले शाकारली, चूल पेटली. पण त्या घरांचे वायरिंग कोणी पाहिले? ते दोन दिवे आणि एक पंखा यांच्या हिशेबाने केलेले. उंदरांनी कुरतडलेले, पावसाळी ओलीने फुगलेले. त्यावर एकदम फ्रीज, मिक्सर, इस्त्री, गीझर आणि सहा माणसांचे मोबाईल येऊन बसले.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. एलईडीचा साधा दिवा सुमारे ९ वॅटचा. पंखा ७५ चा. इस्त्री १००० ची. गीझर २००० चा, कधी ३००० चाही असतो. आपल्या भिंतीवरचे तीन पिनांचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, म्हणजे ते फार तर १३०० ते १४०० वॅट सोसते. मोठे सॉकेट १६ अँपिअरचे. ते साडेतीन हजारांपर्यंत सोसते. आता लहान सॉकेटात गीझर लावला तर काय होईल? दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर दोन मण भाताचे पोते देण्यासारखेच ते आहे. तार तापते, तिच्यावरचे आवरण मऊ होते, जळका वास येतो, बटण काळे पडते. काही दिवस काही होत नाही आणि एके दिवशी आग लागते. बोर्डाला हात लावून तो ऊन लागला, किंवा जळका वास आला, की ते उपकरण बंद करून वायरमनला बोलवावे. आज-उद्या करू नये.

काही भगिनींना वाटेल की, हे काम पुरुषांचे. मी विचारते, साथीच्या दिवसांत पुरुष कोठे होते? कोणी पुण्यात अडकलेले, कोणी विलगीकरणात, कोणी रुग्णालयात. घरी बाई, म्हातारी माणसे आणि मुले. वायरमनला बोलवावे तर तोही दुसऱ्या गावी, आणि गावाच्या वेशीवर बांबू आडवे बांधलेले. तारा जोडण्याचे काम परवाना असलेल्या माणसानेच करावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण लक्ष ठेवणे, धोका ओळखणे आणि वेळेवर वीज तोडणे हे घर चालविणाऱ्याचेच काम आहे. जाते टाकविणारा टाकवतो. पण पीठ जाडे येऊ लागले हे दळणारीलाच आधी कळते.

वेल्ह्याकडच्या एका वाडीवरची हकीकत सांगते. २०२१ चा मे महिना. साथीची दुसरी लाट. रुग्णालयात खाट मिळेना, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने एका वृद्ध गृहस्थांना घरीच ऑक्सिजनच्या यंत्रावर ठेवले होते. मुलगा स्वतः आजारी होऊन पुण्यात. एके दिवशी पहाटे वीज गेली आणि यंत्राचा भोंगा वाजू लागला. घरात रडारड सुरू झाली. सूनबाई अंगणात आली आणि तिने समोरच्या घराकडे पाहिले. तेथे दिवा जळत होता. म्हणजे वीज गावाची गेली नव्हती, आपल्याच घराची गेली होती. ती मीटरपाशी गेली. एमसीबीची कळ खाली पडलेली. नणंदेने अंघोळीसाठी गीझर लावला होता आणि दोन्ही भार एकाच तारेवर आले होते. सूनबाईने गीझर बंद केला, कोरड्या हाताने कळ वर केली, यंत्र सुरू झाले. सारे तीन-चार मिनिटांत आटोपले. या सूनबाईचे शिक्षण फारसे नव्हते. वायरमन बोर्ड बसवीत असता तिने त्याला दोन प्रश्न विचारले होते, इतकेच. त्या दोन प्रश्नांनी त्या दिवशी एक जीव वाचविला असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

तेव्हा पहिला धडा हा की, वीज गेली असता आधी शेजारी पाहावे. शेजारी दिवा असेल तर दोष आपल्या घरात किंवा आपल्या खांबावरून येणाऱ्या तारेत. सगळीकडेच अंधार असेल तर दोष बाहेरचा. कळ एकदा वर केल्यावर पुन्हा खाली पडली, तर ती दाबून धरू नये. ती आपल्याला काहीतरी सांगत आहे. ज्या घरी अजून जुने फ्यूज आहेत तेथे फ्यूजची बारीक तार वितळली म्हणून जाड तांब्याची तार गुंडाळण्याची सवय आहे. ती फार वाईट. फ्यूज हा घराचा पहारेकरी. तो मरतो तेव्हा घर वाचते. त्याच्या जागी जाड तार बसविणे म्हणजे पहारेकऱ्याला हाकलून दार उघडे टाकणे होय.

ऑक्सिजनच्या यंत्राविषयी थोडे अधिक सांगते, कारण दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुन्या आजारासाठी अजूनही काही घरी ते लागते. हे यंत्र हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजन पुढे पाठविते. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र सुमारे ३५० वॅट घेते, म्हणजे चार-पाच पंख्यांइतके. ते एक्स्टेन्शनच्या वायरीवर लावू नये. अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटातच लावावे. त्याच्या तारेवर दुसरे काही जोडू नये. भिंतीपासून हातभर दूर, मोकळ्या हवेत ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर, विडी काही पेटवू नये. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण त्याच्या संगतीत बारीकशी ठिणगी मोठी ज्वाला होते, आणि अंथरूण-पांघरूणात तो मुरलेला असतो. घरात आजारी माणूस असला की आपले हात आपोआप देवापुढे दिवा लावावयास जातात. देव समजून घेईल; दिवा दुसऱ्या खोलीत लावावा. २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरार येथे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे रुग्ण दगावले. त्याआधी ९ जानेवारीला भंडारा येथे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके गेली. जेथे शिकलेली माणसे रात्रंदिवस उभी असतात तेथे ही गत, तर आपल्या घरी किती जपावयास हवे!

वीज गेलीच तर यंत्र किती वेळ चालेल, याचाही हिशेब आधी करून ठेवावा. घरातील इनव्हर्टरची नेहमीची मोठी बॅटरी चांगल्या स्थितीत असली तर असे यंत्र सुमारे तीन तास चालविते, तेही पंखे-दिवे बंद ठेवले तर. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. त्यापुढची सोय म्हणजे भरलेला सिलिंडर. तो किती वेळ पुरेल ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. अंधारात हिशेब सुचत नाहीत.

साथीने आपल्याला स्वच्छतेची सवय लावली, ती चांगलीच. पण तिच्या भरात काही घरांतून बटणांवर आणि प्लगांवर सॅनिटायझरचे फवारे मारले गेले, साबणाच्या पाण्याने बोर्ड पुसले गेले. पाणी आणि वीज यांचे हाडवैर आहे. बोर्ड पुसावयाचा तर मेन स्विच बंद करावा, फडके नुसते ओलसर करून पिळून घ्यावे, पुसल्यावर बोर्ड पुरता वाळू द्यावा, मगच वीज सुरू करावी. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते व ते पेट घेते. हाताला चोळल्यावर हात कोरडे होईतो गॅसपाशी जाऊ नये. मोबाईल चार्जिंगला लावून मुलांनी त्यावर तासन् तास शिकू नये, आणि उशीखाली तर तो कधीच ठेवू नये.

आता घराबाहेर येऊ. वीज ही भातासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी लागेल तेवढी त्या क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली तरी घोटाळा, जास्त झाली तरी घोटाळा. याचा पडताळा ५ एप्रिल २०२० रोजी आला. त्या रात्री ९ वाजता नऊ मिनिटे घरचे दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे पंतप्रधानांनी आवाहन केले होते. घरोघर दिवे मालवले आणि देशाची विजेची मागणी काही मिनिटांत तीस हजार मेगावॅटांहून अधिक खाली आली. थोड्या वेळाने ती तशीच वर चढली. पंखे, फ्रीज चालू ठेवा, फक्त दिवे मालवा, असे सरकारने मुद्दाम सांगितले होते, ते यासाठीच. तोल सांभाळला तो मुख्यतः पाण्यावरच्या वीजकेंद्रांनी, कारण पाण्याचे चक्र भराभर कमी-जास्त करता येते. आपल्या भाटघरच्या धरणाच्या पायथ्याशी असेच एक १६ मेगावॅटचे केंद्र आहे, आणि पानशेत-वरसगावलाही आहेत. आपल्या खोऱ्यांत पडणारा पाऊस शेतातच नव्हे तर तारेतही जातो, हे आपल्या मुलांना दाखवून आणावे.

यावरून ध्यानात घ्यावयाचे ते हे की, वीज हा सामाईक कारभार आहे. देशाचे जे, तेच गावच्या रोहित्राचे, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्याचे. सायंकाळी सर्वांनी एकदम मोटारी लावल्या, कोणी तारेवर आकडे टाकले, की दाब उतरतो, दिवे पिवळे पडतात, डीपीचा फ्यूज जातो. आकडा टाकणाऱ्याला वाटते, आपण कंपनीला फसविले. खरे पाहता तो शेजारच्या आजीच्या श्वासाला फसवीत असतो.

भगिनींनो, टाळेबंदीतच आपल्यावर दुसरे संकट आले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांवर होता. रायगड जिल्हा झोडपून ते घाट चढले. महाड-पोलादपूर आपल्या डोंगरापलीकडे. तेव्हा त्याचा तडाखा आपल्यालाही बसला. पत्रे उडाले, झाडे तारांवर कोसळली, खांब वाकले. साथीमुळे माणसांची ये-जा अडलेली, सामान येण्यास अडचण, आणि अशा वेळी वीज कर्मचारी तोंडाला मुसके बांधून, चिखलातून खांद्यावर दोर घेऊन डोंगर चढत होते. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाचे २००५ साली भाग झाले, आणि घरोघर वीज पोहोचविण्याचे काम महावितरणकडे आले, हे आपण बिलावर वाचतो. पण बिलावर नसलेली ती माणसे आपण त्या दिवसांत पाहिली. त्यांचे आभार मानावयास मंडळाच्या या सभेसारखी दुसरी जागा नाही.

वादळानंतर कित्येकजण विचारीत, "पलीकडच्या गावात वीज आली, आमच्याकडे का नाही?" यात पक्षपात असतोच असे नाही. आधी मोठी उच्चदाबाची वाहिनी, मग उपकेंद्र, मग उपकेंद्रातून गावाकडे निघालेली ११ हजार व्होल्टची तार, मग डीपी, मग गल्लीतील तार आणि सर्वांत शेवटी आपल्या घरची तार, अशा क्रमाने काम करावे लागते. वरचे नीट झाल्याखेरीज खालचे करून उपयोग नाही. डोंगरातील वाडी ही तारेच्या शेवटच्या टोकाला, म्हणून तिला वाट पाहावी लागते. ती वाट कमी करणे काही अंशी आपल्या हाती आहे. "लाईट नाही" एवढेच सांगून फोन ठेवण्यापेक्षा "अमक्या ओढ्याच्या कडेच्या खांबावर आंब्याची फांदी पडली आहे" असे सांगितले, तर वायरमनचे दोन तासांचे हिंडणे वाचते. गावाने आपण होऊन वाट मोकळी केली, खांब वाहून नेण्यास हात लावला, तर वीज एक दिवस आधी येते.

पण मदतीच्या भरात तारेला हात लावू नये. खाली पडलेली तार मेलेली आहे असे कधीच समजू नये. ओल्या जमिनीतूनही वीज पसरते. म्हणून दहा-पंधरा पावले दूर राहावे, जनावरे दूर करावीत, आणि कळवावे. आणखी एक गोष्ट. ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच बसविल्याशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नये. तसे केल्यास आपली वीज उलटी डीपीकडे जाते, तेथे तिचा दाब कित्येक पटींनी वाढतो, आणि तार बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन प्राणास मुकतो. आपल्यासाठी जो पावसात उभा आहे त्याचा जीव आपल्या ओसरीवरून जाऊ नये.

मोठ्या शहरांतही विजेची खात्री नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि ठाण्याची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर आली. तेव्हा आपली तयारी आपणच ठेवावी, हे शहाणपणाचे.

आता अपघातांविषयी. ९ वॅटच्या दिव्यातून सुमारे ४० मिलिअँपिअर वीज वाहते. एवढीशी वीज छातीतून गेली तरी माणूस मरू शकतो. म्हणून "एवढ्याशा दिव्याने काय होते" असे कोणी म्हणू नये. यावर दोन उपाय आहेत. एक अर्थिंग. तीन पिनांपैकी जाड आणि लांब पिन ती याच कामाची. ती मोडून दोन पिनांवर काम भागविणे म्हणजे घराचा अडसर काढून टाकणे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असतो. उन्हाळ्यात तेथे तांब्याभर नव्हे, बादलीभर पाणी घालावे. आपण चैत्रात तुळशीवर गळती बांधतो, त्याच वेळी ही आठवण ठेवावी. दुसरा उपाय म्हणजे ज्याला आपल्याकडे ईएलसीबी म्हणतात ती कळ. एमसीबी तारेला वाचविते, ही माणसाला वाचविते. ३० मिलिअँपिअर वीज वाट चुकून बाहेर गेली की ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर परीक्षेचे लहान बटण असते. महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कळ पडली तर ती जागी आहे. न पडली तर बदलावी. दोन साड्यांच्या किमतीत ही कळ येते, आणि साडीपेक्षा पुष्कळ टिकते.

आणि ती कपडे वाळत घालावयाची तार! लोखंडी तार, एक टोक पत्र्याच्या शेडला, दुसरे विजेच्या खांबाला किंवा मीटरजवळच्या खिळ्याला. पावसात शेडमध्ये वीज उतरते, तेथून तारेत येते, आणि ओले कपडे घेऊन बाई हात वर करते. आपल्याच जिल्ह्यात दौंड तालुक्यात २०२४ च्या जून महिन्यात अशाच तारेने एका घरातील तिघे गेले. एकाला सोडवावयास दुसरा, दुसऱ्याला सोडवावयास तिसरा. मी आज एकच गोष्ट हट्टाने मागते. घरी गेल्यावर ती तार काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. याला ना परवाना लागतो, ना वायरमन.

कोणाला विजेने धरले तर त्याला हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. तो जवळ नसेल तर कोरड्या पाटावर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून सोडवावे. मात्र हे घरातील विजेपुरतेच. खांबावरील मोठ्या तारेजवळ काठी घेऊनही जाऊ नये. माणूस सुटल्यावर श्वास चालू आहे का पाहावे, नसेल तर छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा आणि १०८ ला फोन करावा. हा उपचार तासाभरात शिकता येतो. मंडळाने आरोग्य केंद्रातील परिचारिकेला बोलावून तो सर्वांना शिकवावा.

बिलाविषयीही दोन शब्द, कारण त्यावरून पुष्कळ घरांत कुरबुर झाली. मार्च २०२० पासून मीटर वाचणे थांबले, सरासरीची बिले आली, आणि जूनमध्ये वाचन झाल्यावर एकदम मोठा आकडा पुढे आला. ती सरासरी हिवाळ्यातील वापराची होती, आणि खर्च उन्हाळ्यातील, तोही सर्व माणसे दिवसभर घरी असतानाचा. ज्यांच्याकडे आपले आकडे लिहिलेले होते त्यांना बिल बरोबर की चूक हे सांगता आले. बाकीच्यांना नुसता राग करता आला. एक हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. दोन हजारांचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आकडा कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहावा. तक्रार करावयाची तर ती आकड्यासह, लेखी, आणि पोच घेऊन करावी. कार्यालयात दाद लागली नाही तर वर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. चांगली सेवा मागणे हा आपला हक्क आहे. पण हिशेब ठेवणाऱ्याचा हक्क लवकर ऐकला जातो.

शेवटी मंडळापुढे चार सूचना ठेवते. पहिली, प्रत्येक घरी मीटरशेजारी एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, वीज तक्रारीचा १९१२ हा क्रमांक, गावच्या वीज कार्यालयाचा व वायरमनचा क्रमांक आणि १०८. मेन स्विचवर तांबड्या रंगाने खूण करावी, म्हणजे घरातील लहान पोरालाही तो सापडेल. दुसरी, मृगाचा पाऊस पडण्याच्या आत तारांवर आलेल्या फांद्यांची यादी गल्लीवार करून वीज कार्यालयास लेखी द्यावी. फांद्या तोडण्याचे काम त्यांनी वीज बंद करून करावे. आपण आठवण करीत राहावे. तिसरी, ज्या घरी यंत्रावरचा रुग्ण, अंथरुणाला खिळलेले माणूस किंवा बाळंतीण असेल त्या घरांची यादी मंडळाने ठेवावी, आणि कोणाच्या घरी इनव्हर्टर आहे तेही लिहावे. वीज गेल्यावर कोणाचे दार वाजवावे हे आधीच ठरलेले असावे. चौथी, येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देण्याऐवजी चार्जिंगचा लहान दिवा आणि ही चिठ्ठी द्यावी. तिळगुळाबरोबर थोडा उजेडही वाटला जाईल.

साथ पुन्हा येईल की नाही, केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. पाऊस तर दरवर्षी येतो, आणि आपल्या डोंगरात तो कसा येतो हे मी तुम्हांला सांगावयास नको. त्याच्या आत ती दोरी बांधली गेली, चिठ्ठी चिकटली आणि मेन स्विचवर तांबडी खूण झाली, तर आजच्या सभेचे काम झाले असे मी समजेन.